पारूमावशींचा ढाळ

"बघा म्याडम, एका दमात!"

संपतने मोटारसायकल अंगणातून थेट ओट्यावर चढवली आणि वरून विजयी नजरेने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे नाही, नव्या रॅम्पकडे बघत होते. मला घाम फुटला होता.

मी सिव्हिल इंजिनिअर. ऑफिस तळेगावात, पण दिवस जातो साइटवर. टाकवे बुद्रुकचं हे घर संपत आपल्या आईसाठी दुरुस्त करून घेत होता. साखरेच्या दुखण्यात पारूमावशींचा एक पाय गुडघ्याखाली काढावा लागला, तेव्हापासून त्या चाकाच्या खुर्चीत. ओटा जमिनीपासून दोन फूट उंच. खाली यायचं तर खुर्ची उचलायला दोन माणसं लागणार, आणि ती दोघं एकाच वेळी घरात सापडायला रविवार उजाडावा लागतो. मावशींचं मागणं एकच होतं: "कुनाला हाक न मारता मला भाईर जाता आलं पायजे."

ड्रॉइंगमध्ये मी रॅम्प लांबलचक दाखवला होता, भिंतीच्या कडेने जाऊन वळणारा. मी दुसऱ्या साइटवर अडकले आणि तेवढ्यात संपतने गवंड्याला सांगून तो आखूड करून घेतला. आमच्या मावळात घरोघरी असा रॅम्प असतो. रात्री मोटारसायकल ओट्यावर घ्यायची असते ना, त्या मापाचा. गिअर टाकला, ॲक्सिलरेटरचा कान पिळला, चढली. रॅम्प म्हटलं की इथल्या हाताला तेच माप येतं.

"संपतराव, हा उतार झाला. मला ढाळ हवा होता."

"एकच की वो ते!"

एकच नाही. उतार डोळ्याला दिसतो आणि गुडघ्याला कळतो. खंडाळ्याच्या घाटात असतो तो उतार, तिथे ब्रेकवरचा पाय काढायची सोय नाही. बाथरूमच्या फरशीला किंवा गच्चीला आम्ही देतो तो ढाळ. त्यावर उभं राहिलं तर सपाटच वाटतं, पाणी मात्र गुपचूप जाळीकडे निघतं. चाकाच्या खुर्चीला फरशीपेक्षा थोडा जास्त चालतो, पण जात ढाळाचीच हवी. एक फूट उंचीला निदान बारा फूट लांबी. म्हणजे इथे चोवीस फूट, शिवाय वळायला सपाट जागा.

"चोवीस फूट? मग माजी नवी गाडी कुटं लावू?"

असं होतं तर! लवकरच चारचाकी येणार होती आणि तिची जागा माझ्या ड्रॉइंगने गिळली होती.

"आन् आई एकटी कशाला जाईल म्याडम? आमी हाय की ढकलायला."

"तू हाय?" मावशी खुर्चीतून कडाडल्या. "सकाळी कंपनीत जातूस ते दिवेलागणीला येतूस. तवर मी दाराला तोरणावानी लटकू व्हय?"

यापुढे वाद घालण्यात अर्थ नव्हता. मावशींना आम्ही ओट्यावरच्या दिवाणावर बसवलं. रिकामी खुर्ची मी संपतपुढे केली.

"बसा. एकटे खाली जा, एकटे वर या. जमलं तर हाच रॅम्प ठेवू."

गडी ऐटीत बसला. पुढचं सगळं खुर्चीनेच ठरवलं. समोर वाळूचा ढीग होता म्हणून बरं. संपत चपलांसकट त्यात रुतला. मग अंग झटकून वर यायला लागला. चाकं ढकलून हातभर वर, श्वास घ्यायला थांबला की तेवढाच खाली. मानेच्या शिरा फुगल्या, तोंड लाल झालं, खुर्ची मात्र होती तिथेच.

मावशी तोंडाला पदर लावून हसत होत्या. "आरं, कान पिळ की तिचा! रेस कर!"

हसता हसता त्यांचा आवाज एकदम उतरला. "तू येवढा धडधाकट, तरी ही गत. मग माजं काय व्हईल रं, बाळा?"

संपत खुर्चीतून उठला. त्यानेच गवंड्याला फोन लावला. "उद्या घण घिऊन ये. रॅम्प फोडायचाय."

नव्या रॅम्पने अर्धं अंगण खाल्लं. दोन्ही बाजूंना कठडा केला आणि पावसात चाक घसरू नये म्हणून वरचा थर खरबरीत ठेवला. चारचाकी बिचारी गल्लीबाहेरच्या मोकळ्या जागेत उभी राहते.

काम संपल्यावर काही दिवसांनी संपतचा घाबराघुबरा फोन. "म्याडम, आई घरात न्हाई! खुर्ची बी न्हाई!"

मी गाडीची किल्ली उचलली, तोवर त्याचाच दुसरा फोन. मावशी सापडल्या होत्या. गल्लीच्या टोकाला, नणंदेच्या दारात. पाय गेल्यापासून अर्धवट राहिलेलं भांडण पुरं करायला गेल्या होत्या. ते पुरं होऊन चहा चालू होता. संपत न्यायला गेला तर त्यालाच म्हणाल्या, "तू हो फुडं. मी येती माजी माजी."

तेव्हापासून मी क्लायंटला आधीच बजावून ठेवते. ढाळ नीट दिला की पाणी असो नाहीतर माणूस, घरात थांबत नाही.