नळाच्या उंचीवरून

आमच्या फिल्मच्या वर्गात एकमेकांचे शॉट पाहून प्रत्येकाने काहीतरी बोलायचंच, असा सरांचा दंडक आहे. फसलेल्या शॉटबद्दल मी भरभरून बोलते. आज केतकीचा शॉट लागला आणि मला बोट ठेवायला जागाच सापडेना.

तिने कॅमेरा कॉलेजच्या पाण्याच्या कूलरशेजारी, नळाच्या उंचीवर ठेवला होता. बस, एवढंच. माणसं येतात, वाकतात, ओंजळ धरतात आणि पाणी पिताना डोळे मिटतात. शिपाईमामा, वर्गातली भांडखोर पोरं, खुद्द सर. तेवढ्यापुरता प्रत्येक चेहरा तान्ह्या मुलासारखा होतो. शेवटी मीही येते. इतकी चांगली मी आजवर कुठल्याच फोटोत दिसले नव्हते.

कॅमेरा कॉलेजचाच, परवापर्यंत तो माझ्याच खांद्यावर होता. दुसरीच्या ड्रेसचा, मार्कांचा हेवा परवडतो; धडपड करून ते मिळवता तरी येतं. दुसरीच्या नजरेचा हेवा वाटला तर ती कुठून आणायची?

"तुला काय वाटलं?" सरांनी मला विचारलं.

"फ्रेम डावीकडे जरा कललीये," मी म्हणाले.

"अय्या, हो की! थँक्यू गं," केतकी अगदी मनापासून म्हणाली. तेही झोंबलं.

तास संपल्यावर मी कूलरपाशी गेले. ओंजळ धरून वाकले, पण डोळे मिटेनात. तिचा कॅमेरा जिथे होता तिकडेच बघत राहिले. मला तिथे नुसती भिंत दिसली.