सौंसरचं स्वस्त घर

कुमुदबाई शाळेत आल्या की आधी शिक्षिकांच्या खोलीतल्या बाकावर आडव्या होत. डोळ्यांवर पदर घेऊन पाच मिनिटं पडून राहत, मग उठून गणिताचा तास घ्यायला जात. तेवढ्या वेळात त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही, हा नियम मला नोकरीच्या पहिल्याच दिवशी कळला, कारण मी बोलले होते. "सव्वा तास उभी राहून आली मी सौंसरहून," पदराआडून आवाज आला, "जरा दम तं घेऊ दे."

ही ऐंशीनंतरच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. पांढुर्ण्याच्या त्या खासगी मुलींच्या शाळेत बाई सगळ्यांत जुन्या आणि माझ्या मते सगळ्यांत चांगल्या शिक्षिका होत्या. लग्नानंतर त्यांच्या यजमानांनी सौंसरला घर घेतलं. त्यांची कचेरी तिथेच, जागा स्वस्त, मागे संत्र्याची चार झाडं. पांढुर्ण्यात तेवढ्या पैशांत जेमतेम दोन खोल्या मिळाल्या असत्या. "त्यायनं हिशेब केला, बसच्या भाड्यासकट केला," बाई म्हणत. "माह्ये पाय तेवढे त्याच्यात धरले नाही." हे त्या हसून सांगत. ऐकणाऱ्याला मात्र हसू येत नसे.

एकदा सहामाही परीक्षेच्या दिवशी वाटेत बस बंद पडली. बाई संत्र्याच्या पेट्या नेणाऱ्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून आल्या आणि पेपर वेळेवर वाटला. शाबासकी राहिली बाजूला, शिक्षिकेनं ट्रकमधून यावं का, यावर संस्थेच्या बैठकीत चर्चा झाली. पुढच्या वेळी बस बिघडली तेव्हा त्या मुकाट्यानं दुसऱ्या बसची वाट पाहत थांबल्या. मग उशिराबद्दल मेमो मिळाला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं!

पुढे घर घ्यायची वेळ आमच्यावर आली. आम्ही पांढुर्ण्यात भाड्यानं राहत होतो आणि माझे यजमान नोकरीसाठी रोज सौंसरला जात. त्या जाण्यायेण्याला ते कंटाळले होते. सौंसरला मोठा प्लॉट कमी पैशांत मिळत होता. इथे शाळेमागच्या दोन खोल्यांसाठी कर्ज काढावं लागणार होतं. मी सौंसरला जवळजवळ हो म्हटलं होतं. बाईंना हे कळलं आणि त्या रविवारी, सुटीच्या दिवशी, बस धरून आमच्या घरी आल्या.

"जावई, तुम्ही जाऊन-येऊन थकता, हे खरं हाये," त्या माझ्या यजमानांना म्हणाल्या. "पण तुम्हाले उशीर झाला तं सायब म्हणते, बस बिघडली असन. हिले उशीर झाला तं म्हणतीन, घरचं काम उरकलं नसन. तुम्ही घरी आले का ताट वाढलेलं भेटते. ही आली का स्टो पेटवन. आता सांगा, कोणाचं जाणं-येणं महाग पडते?"

यजमान दोन दिवस कागदावर हिशेब मांडत बसले. तिसऱ्या दिवशी कर्जाचा अर्ज घेऊन आले. आम्ही शाळेमागच्या खोल्या घेतल्या. पाहुणे आले की पाय ठेवायला जागा नसे, पण मी घंटेच्या आधी शाळेत असे.

चार वर्षांनी मुख्याध्यापिकेची जागा रिकामी झाली. सेवाज्येष्ठतेनं ती बाईंचीच होती, आणि त्यांना ती हवीही होती. वाढलेल्या पगारातून पांढुर्ण्यात एक खोली भाड्यानं घेऊ, असं त्यांच्या यजमानांनी अखेर कबूल केलं होतं. बाई ती खोली पाहूनही आल्या होत्या.

संस्थेनं बोलावलं मला. "आमाले टायमावर येणारी बाई पाहिजे," सचिव म्हणाले. "कुमुदबाई बसच्या भरवशावर. तुम्ही तं शाळेच्या मागंच राहता."

मी नाही म्हणायला हवं होतं. कर्जाचे हप्ते होते, हे खरं. पण खुर्चीचा मोहही होता. मी हो म्हटलं, आणि त्याची लाज मला आजही वाटते. बाई निवृत्त होईपर्यंत त्याच बसनं येत-जात राहिल्या.

हो म्हटलं त्या दिवशी मी त्यांना सांगायला गेले तेव्हा त्या वह्या तपासत होत्या. त्यांना आधीच कळलं होतं. मला रडूच फुटलं. बाईंनी हातातली वही पूर्ण तपासली, खाली सही केली आणि दुसरी वही ओढत म्हणाल्या, "रडून काहून राहिली वं? घर बराबर जागी घेतलं तू."