भुंडे हात

२०२३ साल. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा. शाळा तिसरीतच सुटली, पण मान कुणापुढे खाली घातली नाही.

माझी नात गोंदियाच्या कॉलेजात ऑपरेशन थिएटरचा कोर्स करत होती. रोज सौंदडहून गाडीनं जायची. डॉक्टर पोट कापत असताना त्याच्या हातात नेमकं अवजार नेमक्या वेळी द्यायचं, हे तिचं शिक्षण. घरी सराव म्हणून ती मलाच डॉक्टर करायची. मी खाटेवर बसून हात पुढे करायचा अन् म्हणायचं, "चिमटा." ती चुलीजवळचा चिमटा असा तळहातावर आपटायची की बोटं आपोआप मिटत.

"हळू दे ना व!"

"हळू देलं तं खाली पडते, आबाजी. तुमी पेशंटकडे पाहा."

पेशंट म्हणजे आमची मांजर. ती कधीच पळून गेलेली असायची.

दिवाळीनंतर पोरीचं साक्षगंध झालं. होणाऱ्या सासूनं आपल्या हातानं तिला हिरव्या बांगड्या भरल्या. आमच्यात त्या लग्नापर्यंत काढत नाहीत. पण थिएटरात शिरायच्या आधी कोपरापर्यंत हात घासून धुवावे लागतात, तिथं बांगडी चालतच नाही. ती तिथं काढायची, रुमालात बांधायची अन् निघताना पुन्हा घालायची. घरात सगळ्यांना ठाऊक होतं. यात चोरी कसली?

एक दिवस नवरदेवाच्या मामानं तिला दवाखान्याच्या दारात पाहिलं, बांगड्या पुन्हा घालायच्या आधीच. झालं! रविवारी सगळे आमच्या अंगणात हजर. पोराच्या आईनं पाण्याच्या पेल्याला हात लावला नाही.

"पोरीचे हात भुंडे काऊन? आमचा पोरगा जित्ता हाय ना?"

नात सासूला म्हणाली, "आई, काच फुटून कोणाच्या पोटात गेली तं?"

"मंग सोडून दे ना ते," मामा हसत म्हणाला. "डॉक्टरले कैच्या देणं, हे का शिक्षण होय? आता परीक्षेले गेली तं लग्न मोडलं समजा."

परीक्षा दोन दिवसांवर आली होती. माझं डोकं सणकलं.

"तुमचा हर्निया कापला, तवा कैच्या का देवानं देल्या होत्या?"

मामाचं हसू गेलं. पण माझाच पोरगा माझा हात ओढून म्हणतो, "बाबा, तुमी चूप राहा. पोरीच्या लग्नाचा सवाल हाय." पोटच्या पोरीला लोक अंगणात येऊन धमकावतात, अन् हा चूप बसवतो कोणाला? मला! आजही ते आठवलं की अंगाची लाही होते.

नवरदेव खुर्चीवर बसून मोबाइल चाळून राहिला होता. नातीनं त्यालाच विचारलं, "तुमी सांगा. परीक्षेले जाऊ का नको?"

त्यानं मान वर केली नाही. "आई म्हणते तसं."

पोरीनं एकेक करून बांगड्या उतरवल्या, एकही फुटू न देता, अन् सासूपुढे ठेवल्या.

"मी जाऊन राहिली परीक्षेले."

ते उठले. जाताना मामा दारातून म्हणाला, "पोरगी आज्यावर गेली." शिवी म्हणून म्हणाला. मी म्हटलं, "गेलीच हाय!"

दुसऱ्या दिवशी सकाळी साक्षगंधाची साडी अन् अंगठी पिशवीत घालून मी पहिल्या बसनं त्यांच्या गावी गेलो, पोराच्या आईच्या हातात दिली अन् चहा न पिता परत आलो.