कॉर्निसखालची वरमाई

काका बहिरे नव्हते. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

आमच्या मराठी मंडळातली निम्मी माणसं हे वाचून हसतील, कारण शेवटची नऊ वर्षं सगळे त्यांच्याशी ओरडूनच बोलत. पण त्याआधीचे काका तुम्ही पाहायला हवे होते. दिसेल ते वाजवून बघायचे. आयसेलिनच्या देशी दुकानात नारळ, कलिंगड तर झालंच, आमच्या नव्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा बूटही न काढता त्यांनी भिंतीवर बोटाचं पेर आपटलं, कान लावला आणि म्हणाले, "घर घेतलंस की खोकं?"

वाजवण्याआधी एक वाक्य ठरलेलं. "विचारून तर बघू."

नोकरीही तीच होती. न्यूयॉर्कमध्ये जुन्या उंच इमारतींचे दर्शनी भाग ठरावीक वर्षांनी तपासावे लागतात. ते काम करणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी इंजिनिअर आणि काका माझ्या हाताखाली. म्हणजे प्रत्यक्षात माझ्या डोक्यावर. मी खाली फुटपाथवर नकाशा घेऊन उभा आणि ते वर, दोरांवर लटकणाऱ्या फळीवर, हातात लाकडी हातोडी. भाजलेल्या मातीची नक्षी शाबूत असली की खणखणते, आतून फुटलेली असली की बद्द वाजते. माठ विकत घेतलेल्या कुणालाही हे कळेल, पण त्याचा पगार फक्त काकांना मिळायचा.

ती इमारत मॅनहॅटनमधली. बारा मजली, शंभरी ओलांडलेली, पॅरिसला शिकून आलेल्या आर्किटेक्टांच्या बोझार शैलीतली. खाली चुनखडीचे थोराड दगड, मधे विटा, आणि वर जावं तसा थाट वाढत गेलेला. माळा, कलश, फळांच्या परड्या, आणि सगळ्यात वर, गच्चीच्या कडेने बाहेर झुकलेल्या कॉर्निसखाली, बारा बायकांचे चेहरे. सहा इकडे, सहा तिकडे. मधोमध घडी घातली तर एकमेकींवर अचूक बसतील.

"लग्नघर आहे हे," काका म्हणाले. मग मागच्या गल्लीत जाऊन आले. मागे नुसत्या उघड्या विटा, पाइप आणि जिने. "समोरून पैठणी, मागून गाऊन!"

चेहरे एकाच साच्यातले, पण शंभर हिवाळ्यांनी प्रत्येकीचा वेगळा करून ठेवलेला. काकांनी सगळ्यांना नाती लावली. एकीच्या ओठांच्या कोपऱ्यातून काजळीची रेघ खाली आली होती. ती वरमाई. "मानपान राहिलाय हिचा."

वाऱ्याच्या दिवशी त्यांचा वरून फोन आला. "अरे, करवली मुकी झालीय. वरमाई ठणठणीत."

कोण करवली, कोण वरमाई, याकडे मी कधी लक्षच दिलं नव्हतं. चिडून म्हणालो, "काका, रिपोर्टमध्ये नावं चालत नाहीत. नंबर सांगा."

"बरं बाबा. डावीकडून आठवी."

माझ्या नकाशावर आकडे उजवीकडून होते. मी आठवर फुली मारली. दोन्ही बाजू सारख्याच, त्यामुळे चुकीच्या जागीही ती शोभून दिसली. कंत्राटदाराने फुलीप्रमाणे चेहरा उतरवला, तिथे फायबरग्लासची नक्कल बसवली. उतरवलेली होती वरमाई.

पुढच्या वसंतात करवलीची हनुवटी तुटून फुटपाथवरच्या फळ्यांच्या छपरावर पडली. कुणाला लागलं नाही. पण साहेबांनी मीटिंग बोलावली आणि काकांना विचारलं, "ही तुम्ही वाजवून पाहिली होती ना?"

टेबलावर तो नकाशा होता. मला एका नजरेत कळलं. काकांनाही कळलं. त्यांनी नकाशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझी ग्रीन कार्डची फाइल कंपनीने नुकतीच सुरू केली होती, मुलगी सहा महिन्यांची होती. तिच्या बारशाच्या घुगऱ्या काकूंनीच केल्या होत्या.

काकांनी हात कानामागे नेला. "सॉरी सर? माय इअर्स, सर. ओल्ड मॅन."

मी नकाशा गुंडाळून ठेवला.

लिफ्टमध्ये म्हणालो, "काका, तुम्ही असं का..."

"काय? मोठ्यानं बोल," ते म्हणाले आणि डोळा मिचकावला.

फळीवरून त्यांना उतरवलं, ऑफिसात फायली लावायला बसवलं. आमच्या ऑफिसातला एक जण मंडळातही होता, म्हणून बहिरेपण तिकडेही न्यावं लागलं. काकूंच्या पोटात काही राहत नाही, म्हणून घरीसुद्धा. सुरुवातीला काकांनी मजा लुटली. नाटकाची तिकिटं खपवा म्हटलं की ऐकू यायचं नाही. स्वयंपाकघरात भजी तळली जाताहेत हे मात्र पार्किंगमधून कळायचं. त्यांच्या लेकीने हौसेने कानाचं मशीन आणलं, ते सुपारीच्या डबीत गेलं.

मग एकदा आयसेलिनला त्यांनी सवयीने नारळ उचलला. "विचारून तर..."

काकूंनी तो हातातून काढून घेतला. "द्या इकडे! तुम्हाला काय ऐकू येणार?"

काका खिशात हात घालून उभे राहिले. मी शेजारीच कोथिंबीर निवडत होतो. निवडत राहिलो.

लेकीकडे, पार पश्चिम किनाऱ्यावर बेलव्ह्यूला कायमचं जायच्या आधी त्यांनी मला त्या इमारतीत न्यायला सांगितलं. वरमाई आता तळघरात असते, कपडे धुण्याच्या मशीनशेजारी. काका खाली वाकले, गालावर पेर आपटलं, डोळे मिटून ऐकत राहिले.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"रुसलीय अजून." मग उठता उठता, "तुझं कार्ड आलं का रे?"

"नाही अजून."

"म्हणजे मला अजून ऐकू येत नाही तर!"

गेल्या हिवाळ्यात काका गेले. काकूंचा फोन येतो. "जेवलास का?" असं विचारतात तेव्हा पलीकडच्या खोलीतून माझी मुलगी "येस, आजी!" म्हणते.

परवा त्या स्वतःच हसल्या. "सवय रे. नऊ वर्षं ओरडले ना. शेवटी त्यांच्या उशाशी बसून खूप बोलले, पण हळू. त्यांना ऐकू गेलं की नाही, कोण जाणे."

गेलं होतं. सगळं. काकूंना हे सांगायचं देणं मी लागतो. काकांना बहिरं कुणामुळे व्हावं लागलं, हेही.