नथनेलकाकांचा गुरुवार

महिन्याच्या पहिल्या शनिवारी काळेवाडीतल्या आमच्या इमारतीत काळ्या मनुका शिजल्याचा वास सुटतो. खालच्या खोलीत नथनेल पाटोळे, वय चौपन्न, स्टुलावर बसून पातेल्यात डाव फिरवत असतात. मनुका उकळायच्या, कुस्करायच्या, फडक्यातून गाळायच्या, रस थंड झाला की बाटल्यांत भरायचा. मग ब्रेडच्या कडा काढून त्याचे बारीक चौकोन करायचे. रविवारी सकाळी हे सगळं त्यांच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाला जातं. ब्रेडचा तुकडा म्हणजे ख्रिस्ताचं शरीर आणि रस म्हणजे त्याचं रक्त, असं काकांनीच मला एकदा समजावलं होतं, तेही डाव न थांबवता. बावीस वर्षं हे काम त्यांच्याकडे आहे.

फक्त ते वाटलं जातं तेव्हा काका तिथे नसतात. ते चाकणच्या कारखान्यात प्रेस मशीनवर डाय बसवत असतात.

आमच्याकडे बऱ्याच कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते. काकांची जुनी कंपनी रविवारी बंद असायची. सहा वर्षांपूर्वी ती सगळ्याच वारी बंद झाली. मग या वयात जिथे घेतलं तिथे ते लागले, आणि त्यांचा रविवार गेला तो गेलाच. एकदा त्यांनी सुपरवायझर ज्योतीरामकडे रविवारची सुट्टी मागितली. कारण विचारलं तर म्हणाले, देवाचं काम आहे. ज्योतीराम म्हणाला, "मग गुरुवारी करा की नाथाभाऊ, दत्ताचा वार आहे!" कंपनीत काकांना सगळे नाथाभाऊच म्हणतात. ते कुठल्या देवाचे, हे विचारायला लाइनवर वेळ कोणाला आहे?

मी वरच्या खोलीतला भाडेकरू, करमाळ्याहून नोकरीला आलेला. माझा ख्रिस्ती धर्माशी संबंध एवढाच, की माझ्याकडे मोटारसायकल आहे आणि काकांकडे नाही. तेवढ्या भांडवलावर मी या प्रकरणात शेवटपर्यंत राहिलो.

प्रकरण सुरू झालं मार्चमध्ये, एका यादीवरून. मंडळीत, म्हणजे काकांच्या चर्चमध्ये, नवे पाळकसाहेब आले होते. बत्तीस वर्षांचे, नीटनेटके, स्वभावाने चांगले. चांगल्या माणसाच्या हातात नियम आला की तो जास्तच नीट पाळला जातो. वर्षात निदान तीनदा प्रभुभोजन घेतलं नाही तर माणूस पूर्ण सभासद राहत नाही, असा मंडळीचा जुना नियम होता. तो आजवर कपाटात झोपलेला होता. पाळकसाहेबांनी त्याला उठवलं, वर्षाची हजेरी काढली आणि पूर्ण सभासदांची यादी दारात लावली. यादीत काकांच्या पत्नी मार्थाकाकू होत्या. काका नव्हते.

म्हणजे नेमकं काय गेलं, ते मला काकूंनी सांगितलं. "गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, पवित्र गुरुवारी, संध्याकाळी चर्चमध्ये भक्ती असते रे. तेव्हाही प्रभुभोजन असतं. यांना वर्षातून तेवढं एकच मिळायचं. आता यादीतच नाही म्हटल्यावर तेही गेलं."

"आणि रस?"

"रस यांनीच करायचा. तशी चिठ्ठी आलीय."

काका फडकं पिळत राहिले.

पुढच्या गुरुवारी मी त्यांना चर्चच्या कमिटीचे सेक्रेटरी जयसिंग उमाप यांच्या घरी नेलं. उमाप निवृत्त मुख्याध्यापक. मंडळी अजूनही शाळाच आहे आणि तास अजून संपलेला नाही, अशा थाटात वागतात.

"बस नथनेल, बस. अरे, नियम मी केला का? मी फक्त वाचतो."

"सर, मला शिफ्ट असते."

"शिफ्ट सगळ्यांनाच असते राव."

"सगळ्यांना रविवारी नसते. मला गुरुवारी द्या ना. महिन्यातनं एकदा, पाळकसाहेबांनी पाच मिनिटं यावं."

"घरी फक्त आजाऱ्याला देतात. आजारी आहेस का?" उमापांनी आशेने विचारलं.

"नाही."

"बघ बुवा. जरा गुडघा वगैरे?"

"गुडघा दुखतो. पण गुडघ्यावर प्रभुभोजन मागू का मी?" काका म्हणाले. मग जरा थांबून, "पहिलं प्रभुभोजनसुद्धा गुरुवारीच झालं होतं, सर."

उमापांनी क्षणभर विचार केला. "तेव्हा एमआयडीसी नव्हती."

तरी त्यांनी वाट काढली. सहा आठवड्यांचा धर्मशिक्षणाचा वर्ग करायचा, पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांबरोबर बसून. मग कमिटी परीक्षा घेईल आणि नाव परत चढेल.

"वर्ग कधी असतो?" मी विचारलं.

"रविवारी, भक्तीनंतर," उमाप म्हणाले, आणि मग त्यांनाच ते ऐकू आलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. आम्ही निघालो तेव्हा दारापर्यंत आले. "रसाचं मात्र तूच बघ हं. तुझ्यासारखा रंग दुसऱ्या कोणाला जमत नाही."

कंपनीतल्या रणजीतला ही गोष्ट कळली. रणजीत फोर्कलिफ्ट चालवतो, मूळचा बीडचा, तीन वर्षांपूर्वी प्रभूत आलेला, म्हणजे ख्रिस्ती झालेला. तो म्हणाला, "काका, तुम्ही कशाला झुरता? आमची संगती गुरुवारीच भरते! सगळे कंपनीवालेच आहेत. देवाला सुट्टीचा वार चालतो."

म्हाळुंग्याला एका पत्र्याच्या शेडमध्ये ही संगती, म्हणजे प्रार्थनासभा, भरते. मीही आत बसलो. पंखे, स्पीकर, टाळ्या, आणि युनिफॉर्मवरच आलेली माणसं. कोणी कोणाची हजेरी घेतली नाही. काका तासभर डोळे मिटून बसले होते आणि त्यांचा चेहरा हळूहळू सैल होत गेला. मला वाटलं, सुटला प्रश्न.

शेवटी प्रभुभोजनाची भाकर फिरायच्या आधी तिथले पास्टर काकांपाशी आले. फार प्रेमळ माणूस. "ब्रदर, तुमचा बाप्तिस्मा झालाय?"

"झालाय. तीन महिन्यांचा होतो तेव्हा, नेवाशाला."

"म्हणजे डोकं ओलं केलं." पास्टर हसले. "ब्रदर, तो बाप्तिस्मा नाही. पुरं पाण्यात जावं लागतं. मागे टाकी आहे, आजच घ्या. मग भाकर घ्या."

शेडच्या मागे काळी प्लास्टिकची मोठी टाकी होती, वरून कापलेली, आत उतरायला लोखंडी शिडी. काका त्या पाण्याकडे बराच वेळ बघत उभे राहिले. रणजीत टॉवेल घेऊन तयार होता.

"काका, दोन मिनिटांचं काम आहे."

"माहीत आहे रे. पाण्याला मी भीत नाही." काका हळू म्हणाले. "मला बाप्तिस्म्याला चर्चमध्ये नेलं म्हणून माझ्या आईला घरच्यांनी वर्षभर पाणवठ्यावर येऊ दिलं नव्हतं. ती ओढ्यावरून पाणी आणायची. आता मी या टाकीत उतरलो म्हंजे तिला सांगितल्यासारखं झालं, की बाई, तू नुसतं डोकं ओलं केलंस."

रणजीतने टॉवेल खांद्यावर टाकला.

येताना चाकण चौकात आम्ही पाऊण तास अडकलो. कंटेनर, कंपनीच्या बसेस, धूर. मागून काका म्हणाले, "एकाकडे वार चुकतो, एकाकडे पाणी." नाशिक फाट्याला मी आरशात बघितलं, तर ते बसल्या बसल्या झोपले होते.

पवित्र गुरुवारी काकांनी रस केला. काकू दिवसभर भांडी जरा जास्तच जोरात ठेवत होत्या. संध्याकाळी सहाच्या भक्तीला आम्ही ट्रिपल सीट गेलो, बाटल्या काकूंच्या मांडीवर.

पाळकसाहेबांनी सुरुवातीलाच सांगितलं, की यादीत नावं असलेल्यांनीच सहभागी व्हावं. कोणाकडे न बघता सांगितलं. मग गाणं झालं आणि तबकं फिरायला लागली. आमच्या बाकाकडे तबक आणलं ते नेमकं उमापांनी. काकांसमोर ते थांबले. हात पुढेही नाही, मागेही नाही. काकांनीच तबक त्यांच्या हातातून घेतलं, काकूंपुढे धरलं, काकूंनी तुकडा घेतला आणि काकांनी तबक परत दिलं. रसाच्या पेल्यांचंही तसंच. मी ख्रिस्ती नाही, पण मला मान खाली घालावीशी वाटली.

भक्ती संपल्यावर काका मागच्या खोलीत पेले धुवायला गेले. तेही त्यांचंच काम. मी पुसायला. पाळकसाहेब झगा उतरवून आत आले आणि दाराशी घोटाळले.

"काका, घ्यायचं होतंत. कोणी अडवलं असतं का?"

"साहेब, तुम्ही यादी लावलीत. मला वाचता येतं."

पाळकसाहेबांचे कान लाल झाले. टेबलावरच्या तबकात थोडे तुकडे उरले होते, तीन-चार भरलेले पेले होते. ते म्हणाले, "आता घ्या. मी देतो. इथे कोणी नाही."

काकांनी तबकाकडे बघितलं. मला वाटतं, वर्षभर ते ज्याची वाट बघत होते ते तीन हातांवर होतं. पण त्यांनी नळ सुरू केला.

"कोणी नाही तेव्हा नको, साहेब. नाव लावा, मग द्या. आता हाताला साबण आहे."

बाहेर काकू गाडीपाशी उभ्या होत्या. सगळं ऐकून त्यांनी पदर खोचला.

"घ्या म्हणाले, आणि तुम्ही नको म्हणालात?"

"चोरून कशाला घ्यायचं?"

"चोरून? देणारा पाळक, घेणारे तुम्ही. चोर कोण त्यात? अहो, सहा वर्षं दमून घरी येता, बिछान्यात पडल्या पडल्या प्रार्थना करता, निम्म्यात झोपता. मी म्हणते, देव ऐकतो यांचं, यांना कोणाची यादी लागत नाही. आणि आज तो समोरून पोरगा धीर करून नियम मोडतोय, तर तुम्ही स्वतःचाच नियम काढलात. त्यांची एक कमिटी, तुमची एकट्याची दुसरी."

पार्किंगमधली माणसं पांगत होती. उमाप लांबूनच मंडळीच्या रीतीने "सलाम" म्हणून सटकले. मग काका वळले आणि चर्चच्या दाराकडे चालायला लागले, त्या दुखऱ्या गुडघ्याला जमेल तितक्या भराभर. मी मागे.

मागच्या खोलीत पाळकसाहेब टेबलापाशी उभे होते, दोन्ही गाल फुगलेले. उरलेलं प्रभुभोजन टाकून द्यायचं नसतं, पाळकानेच संपवायचं, असा आणखी एक नियम आहे. तबक रिकामं होतं. ब्रेडचा शेवटचा घास त्यांच्या तोंडात होता आणि शेवटचा पेला हातात.

दोघे एकमेकांकडे बघत राहिले. पाळकसाहेबांना बोलता येईना, गिळताही येईना. त्यांनी चावणं थांबवलं आणि हातातला पेला पुढे केला.

काकांनी सदऱ्याला हात पुसले. पेला दोन्ही हातांनी घेतला, डोळे मिटले आणि प्याले. मग बराच वेळ तसेच उभे होते. पाळकसाहेबही डोळे मिटून उभे, तोंडात घास धरून. मला हसू यायला हवं होतं.

बाहेर काकूंनी विचारलं, "मिळालं?"

"अर्धं."

"अर्धं कसं?"

"भाकर संपली होती."

काकूंनी त्यांच्याकडे नीट बघितलं, आणि मग त्या हसल्या. पहिल्यांदाच, त्या महिन्याभरात. "असू दे," म्हणाल्या. "बसा."

"हे कुठल्या मंडळीच्या नियमात बसतं काका?" मी किक मारता मारता विचारलं.

"कुठल्याच नसेल." त्यांनी माझ्या खांद्यावर हात टेकला आणि कण्हत गाडीवर पाय टाकला. "चल लवकर. उद्या गुड फ्रायडे आहे, आणि मला फर्स्ट शिफ्ट."