नंबर अकरा आणि गायकाचा पाय

आधीच सांगून ठेवते, ही पोस्ट मी चिडून लिहितेय. ट्रिपला दोन आठवडे झाले तरी डोकं शांत झालेलं नाही. ज्यांना गोडगोड वाचायचं असेल त्यांनी माझी दिवेआगरची पोस्ट वाचावी, तिथे मी खूश होते.

माझी उंची चार फूट नऊ इंच. आईची चार फूट सात. आम्ही दोघींनी आजवर जेवढे कार्यक्रम पाहिले ते लोकांच्या पाठींवर पाहिले. गणपतीतला ऑर्केस्ट्रा म्हटलं की मला एक चौकड्यांचा शर्ट आठवतो, आणि एका मोठ्या पुढाऱ्याची सभा म्हटली की कुणाचं तरी टक्कल. उंच माणसाला पहिली रांग म्हणजे हौस वाटते. आमच्यासारख्यांना पहिली रांग मिळाली तर कार्यक्रम, नाहीतर तिकीट काढून घाम.

त्यात आईला बघायचा होता गायकाचा पाय. हसू नका. तिच्या आवडत्या गायकाच्या (नाव लिहीत नाही, वाद नकोत) प्रत्येक लाइव्ह रेकॉर्डिंगमध्ये गाण्याखाली एक ठकठक ऐकू येते. मी म्हणायचे कॉम्प्युटरवर वाजवतात. आई म्हणायची, "नाही, तो टाचेनं वाजवतोय. पायाखाली लाकूड आहे त्याच्या." भाकऱ्या थापताना, कपडे वाळत घालताना, तीन वर्षं आमचा हा वाद चालला होता. व्हिडिओत कॅमेरेवाला चेहऱ्याखाली उतरतच नाही. मग नवी मुंबईत कार्यक्रम होणार असं कळलं, उभ्याची तिकिटं निघाली आणि आई म्हणाली, "मंजू, एकदा जाऊन बघूनच येऊ." एकसष्टाव्या वर्षी तिने स्वतःसाठी मागितलेली ही बहुतेक पहिली गोष्ट. मी त्याच दिवशी तिकिटं काढली.

शुक्रवारी सकाळी साताऱ्याहून बसने निघालो. पुण्यात एक तास वाया जातो तो धरूनच चला. एक्सप्रेसवेवर फूड मॉलला उतरलात तर वडापाव खाऊ नका, चहा घ्या आणि घरचं खा. आम्ही भडंग आणि दशम्या नेल्या होत्या. कळंबोलीला उतरलो की कामोठे जवळच, रिक्षा लगेच मिळते. कामोठ्यात माझ्या मामेबहिणीचा फ्लॅट आहे. ती गावी गेली होती, किल्ली शेजारी ठेवली होती. सोसायटीच्या वॉचमनने आमची नावं, फोन नंबर, कशाला आलात, कधी जाणार, सगळं वहीत लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी आम्ही जिथे गेलो तिथे याच्या निम्मी जरी शिस्त असती तरी ही पोस्ट वेगळी झाली असती.

शनिवारी पहाटे पाचला रिक्षा केली. मैदान खाडीच्या बाजूला, पंचवीस मिनिटांवर. गेट दुपारी तीनला उघडणार, कार्यक्रम सहाला. एवढ्या लवकर पोचूनही आमच्या आधी दहाजण होते. त्यांत उरणची प्राची. वीस वर्षांची असेल, गळ्यात मार्कर अडकवलेला, हातात शाळेची वही. या रांगा आयोजक लावत नाहीत, चाहतेच लावतात, हे मला तिथे कळलं. जो पहिला येतो तो वही उघडतो. आलेल्याचं नाव लिहायचं, हातावर नंबर घालायचा आणि दर दोन तासांनी हजेरी. हजेरीला नसलात की नाव कट.

"काकी, तुमचा अकरा हाय, ताईचा बारा," प्राची आईचा हात धरून म्हणाली. "पानी लागलं तरी जानार नाय, पक्का मार्कर हाय."

"आणि लघवीला जायचं झालं तर?"

"मंग सांगून जावा. दोन तासाच्या आत परत या."

आईला ही पोरगी एकदम पसंत पडली. त्याला कारण आहे. आई तीस वर्षं सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर होती. खुर्चीवर दोन उश्या ठेवून बसायची, नाहीतर बाहेरच्यांना नुसता आवाज यायचा. रांग या विषयात तिचा हात धरणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात नव्हता.

नऊनंतर ऊन तापायला लागलं. गेट क्रमांक दोनपाशी सावलीचा पत्ता नाही, रेलिंगला हात लावला तर चटका बसत होता. रस्त्यापलीकडे चार झाडं होती, पण जागा कोण सोडणार? साठेक पोरंपोरी डोक्यावर जर्किन घेऊन तशीच भाजत उभी. एका पोरीला चक्कर आली. तेव्हा आई उठली.

"चपला लावा," ती म्हणाली.

कुणाला कळेना. आईने स्वतःच्या चपला काढून अकराव्या जागेवर रेलिंगला टेकवून ठेवल्या. "आमच्याकडे पेशंट असंच करायचे. ज्याची चप्पल त्याचा नंबर. माणूस सावलीत बसू दे. तीस वर्षांत एकदा भांडण झालं नाही."

प्राचीने वही बघितली, रांग बघितली आणि पहिली चप्पल तिनेच काढली. दहा मिनिटांत चाळीसेक जोड ओळीने लागले आणि पोरं झाडाखाली जाऊन पसरली. कुणी वडापाव आणले, कुणी आईच्या डब्यातलं भडंग संपवलं. मी बूट घातले होते, लेस सोडायचा कंटाळा आला म्हणून मी चप्पलेऐवजी पाण्याची बाटली ठेवली. हे लक्षात ठेवा.

दोन तास इतके चांगले गेले. एक पोरगा आईला म्हणाला, "काकी, तुम्ही आमच्या मॅनेजर." आईने त्याला विचारलं, "ती ठकठक पायाची ना रे?" त्याने कधी ऐकलीच नव्हती. मग तिने त्याच्या इअरफोनमधून त्यालाच ऐकवली.

आता मुद्द्याचं. दोन वाजून वीस मिनिटांनी काळ्या टी-शर्टातला एक धिप्पाड माणूस गेट दोनच्या आत आला, साखळीला कुलूप घातलं आणि वॉकीटॉकीवर बोलत परत निघाला. कुणीतरी विचारलं तेव्हा पाठमोराच म्हणाला, "एंट्री पाच नंबर से. ये बंद है." बोर्ड नाही, घोषणा नाही. पहाटेपासून ही पोरं त्याच्या डोळ्यांसमोर भाजत होती, आणि त्याला हे सकाळी सांगता आलं नसतं? पाच नंबर गेट मैदानाच्या दुसऱ्या टोकाला. तिथे दीड वाजता एसी गाड्यांतून उतरलेले लोक आपोआप पहिले झाले. शिवाय जादा पैसे भरणाऱ्यांसाठी वेगळी वाट, ते तर त्याआधीच आत. नऊ तासांच्या हजेऱ्या, वही, हातावरचे नंबर, सगळं गेलं खाडीत.

एकच ओरडा झाला आणि सगळे पळाले. म्हणजे ज्यांच्या पायात काही होतं ते पळाले. बाकीचे झाडाखाली अनवाणी. मार्चमधला दुपारचा डांबरी रस्ता, आणि चपला रस्त्यापलीकडे रेलिंगला.

आई वर्तमानपत्रावर बसली होती. मी तिच्याकडे बघितलं.

"तू पळ," ती म्हणाली. "जागा धर. मी चपला घेऊन येतेच."

मी पळाले. इतकी मी दहावीनंतर पळाले नव्हते. तपासणीत माझी पर्स, पॉवरबँक, आईच्या गुडघ्याचं मलम, सगळं टोपलीत गेलं, मी भांडायलासुद्धा थांबले नाही. पुढे बॅरिकेडला डाव्या बाजूला जेमतेम एका माणसाची फट होती. मी घुसले, दोन्ही हात पसरून लोखंड धरलं आणि दोघींची जागा अडवून उभी राहिले.

"माझी आई येतेय मागून," मी म्हटलं.

"सगळ्यांची आई येतेय ताई," मागचा म्हणाला, आणि माझा डावा हात सरकवून तिथे उभा राहिला. मी त्याला जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही.

आई साडेतीनला आली नाही, चारला आली नाही. फोन लागेना. बॅरिकेडच्या आतल्या सिक्युरिटीवाल्याला मी हात जोडून सांगितलं, एकसष्ट वर्षांच्या बाईंना तेवढं पुढे घ्या. तो म्हणाला, "आंटीजी को व्हीआयपी निकालना था ना." साडेचारला एकदाच फोन लागला. "आत आलेय गं. मागे आहे, लायटीच्या खांबापाशी. बरी आहे मी," एवढं बोलली आणि फोन कटला.

मी तेव्हा जायला हवं होतं.

कार्यक्रमाला दीड तास होता. मागे वळायचं, गर्दीतून वाट काढायची, खांब गाठायचा. जमलं असतं. पण एकदा सोडलेली जागा परत मिळणार नव्हती, हे मला माहीत होतं. पाच मिनिटांनी जाते, म्हटलं. मग म्हटलं, पाणी पिऊन जाते. मग म्हटलं, निदान साउंड चेक तरी बघते. मी त्या लोखंडाला चिकटून राहिले आणि मनातल्या मनात आयोजकांना शिव्या घालत राहिले. शिव्या घालायला कुणीतरी होतं हे माझ्या पथ्यावरच पडलं.

सहा वाजता तो आला. माझ्यापासून पंधरा फुटांवर. अनवाणी होता. त्याच्यासमोर स्टेजवर एक पाट होता, आपल्या घरात जेवायला बसायचा असतो तसा, कोपरा झिजलेला. पहिल्या गाण्याला त्याने उजवी टाच उचलली आणि त्या पाटावर मारली. ठक. ठक. मला सगळं दिसलं, टाचेच्या भेगासुद्धा. दोन्ही बाजूंच्या मोठ्या पडद्यांवर नुसता त्याचा चेहरा होता.

मी अडीच तास तो पाय बघितला आणि हलले नाही.

कार्यक्रम सुटल्यावर आई त्या चार झाडांपाशी सापडली, शेजारी प्राची. प्राचीनेच सांगितलं काय झालं ते. गेट बंद केल्यावर सफाईवाल्यांना चपला उचलायला सांगितलं होतं. त्यांनी सगळे जोड फरशीवर एका ढिगात लोटले. प्राची कुणाचे तरी सँडल मागून घेऊन रस्ता ओलांडून गेली तेव्हा आई तिथे होती. पायांना ओला रुमाल गुंडाळून तापल्या रस्त्यावरून आलेली.

"मी बोल्ले काकी, तुमची चप्पल घ्या न् चला," प्राची म्हणाली. "ऐकतंय कोन. म्हन्ते चपला लावायला मी सांगितलं, मीच वाटनार. सगल्यांना जोड्या लावून दिल्या. मंग निंगाली."

"तू नाही गेलीस पुढे?" मी प्राचीला विचारलं.

"काकींना टाकून कशी जानार?" ती म्हणाली. तिला त्यात काही टोमणा मारायचा नव्हता. तिचा नंबर पहिला होता.

रविवारी परत आलो. बसमध्ये आई झोपली, मी आयोजकांना ईमेल लिहिला. चार परिच्छेद, सगळे मुद्दे, गेट, साखळी, चपला, मलम. उत्तर आलं की तुमचा अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे. तुम्ही असल्या कार्यक्रमाला जाणार असाल तर ऐका: रांगेतल्या वहीवर विश्वास ठेवा, गेटवर ठेवू नका. दर तासाला जाऊन विचारा की हेच गेट उघडणार आहे का. आणि पायातलं पायातच राहू द्या.

आईने बसमध्ये काही विचारलं नाही. घरी आल्यावर, सोमवारी संध्याकाळी, भांडी विसळताना विचारलं. हातावरचा अकरा अजून गेला नव्हता.

"पाय दिसला का गं?"

"दिसला. टाचच आहे. खाली पाट होता, आपल्यासारखा."

"बघ," ती म्हणाली. आणि ओल्या हातांनीच देवघराशेजारचा पाट ओढून पायाखाली घेतला, टाच मारून बघितली. "असाच?"

"जरा जोरात मारतो."

तिने जोरात मारली. खूश झाली. मला ते सहन होईना. तिने चिडावं, दोन शब्द सुनवावेत, असं मला वाटत होतं. शेवटी मीच म्हटलं, "आई, तुझा फोन आला तेव्हा मला मागे येता आलं असतं. दीड तास होता. मी आले नाही."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "मला खांबापासून तुझा पिवळ्या बाहीचा हात दिसत होता, बॅरिकेडवर. प्राचीनं खांबाच्या कट्ट्यावर उभं केलं होतं जरा वेळ."

"मग बोलली का नाहीस?"

तिने पातेलं उपडं घातलं. "तीस वर्षं खिडकीत बसले गं मी. इतका वेळ मागच्या म्हातारीला धरून उभा असलेला माणूस खिडकीशी पोचला की आधी स्वतःचा पेपर पुढे करतो. त्यांना कधी बोलले नाही. तुला काय बोलू?"

आयोजकांवरचा माझा राग अजून तसाच आहे. पण आता घरात कुठेही पाटावर ठकठक सुरू झाली की मी उठून दुसऱ्या खोलीत जाते.