नीलमताईंच्या वेणीतला मक्का

शनिवारी संध्याकाळी पाच वाजता नीलमताईंची वेणी कापली जाणार होती. इंदिरा नगरातल्या पार्लरमध्ये वेळही घेऊन झाली होती.

ही वेणी साधी नव्हती. बावीस वर्षांपूर्वी नीलमताई अकोल्याहून लखनौला बदली होऊन आल्या, तेव्हा हजरतगंजच्या बँकेत लोक त्यांना आधी पाठीमागून ओळखायला शिकले. कमरेखाली चार बोटं वेणी. भीमजयंतीला तिच्यात दोन गजरे सहज मावत. मग गेल्या ऑगस्टमध्ये टायफॉइड झाला. ताप गेला आणि दिवाळीपासून केस जायला लागले. उशीवर केस, मोरीत केस, एकदा तर थेट साहेबांच्या फायलीत. फेब्रुवारीपर्यंत वेणीची उंदराची शेपटी झाली.

साहेबांच्या फायली त्यांच्याकडे यायच्या, कारण त्या बँकेत राजभाषा अधिकारी. सगळ्यांच्या हिंदीतल्या वेलांट्या सुधारणं हे त्यांचं काम. एका मात्रेसाठी त्यांनी सर्वात मोठ्या साहेबांचं पत्र दोनदा परत पाठवलं होतं.

अकोल्याहून आईचा फोन आला. "आधी माक्याचं तेल लाव. मग धुऊन विंचर. तरी कंगवाभर केस आले तर खुशाल काप. मी काही म्हणणार नाही."

नीलमताईंनी शब्द दिला. माका म्हणजे ओल्या जागी उगवणारी, पांढऱ्या फुलांची वनस्पती. हिंदीत भृंगराज. हे त्यांना नक्कीच ठाऊक होतं. पण घाईघाईत चिठ्ठी लिहिली ती मराठीत: 'सुका माका, पाव किलो.' आणि ती दिली नवऱ्याच्या हातात.

दादाराव नुकतेच निवृत्त झालेले. हौस दांडगी. शनिवारी सकाळी ते निशातगंजच्या पंसाऱ्याकडे, म्हणजे किराणा-जडीबुटीवाल्याकडे गेले, आले, आणि बायको कपडे वाळत घालून खाली येईपर्यंत खोबरेल तेलात सगळं उकळूनही मोकळे झाले.

"तेल पिवळं कसं हो?" नीलमताईंनी विचारलं.

"लखनौचा माका आहे. इथे सगळंच जरा नवाबी."

वासही खमंग येत होता. दुपारी तेल निवल्यावर नीलमताईंनी ते गाळासकट चोळलं. तासभर टॉवेल गुंडाळून बसल्या. मग कडक गरम पाणी घेतलं.

"अहो!" मोरीतून हाक आली. "माझ्या डोक्यावर पिठलं झालंय!"

"कसलं?"

"आणलंत काय तुम्ही?"

"मक्का. मक्क्याचं पीठ. तूच लिहिलंस ना?"

"मी माका लिहिलं होतं!"

"तेच दाखवलं त्याला. तो म्हणाला, साहब, मक्का होगा. मैडम की हिंदी थोड़ी कमज़ोर है."

मोरीत तांब्या आपटला.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, असेल."

नीलमताई पाटावर बसल्या. मग हसू आलं. असं आलं की नळ बंद करायला हात पुरेना. बाहेर दादाराव भिंतीला धरून हसत होते. तेवढ्यात बेल वाजली.

दारात खालच्या मजल्यावरची रुचिरा, हातात वाटी. घरी मराठी ऐकत वाढलेली, पण उत्तर देणार हिंदीत. नुकतीच साहित्यात एम. ए. झालेली.

"काका, मक्के की रोटी बन रही है क्या? पूरी सीढ़ी महक रही है."

मागून काकू आल्या. डोकं पिवळं, घट्ट, चकचकीत. रुचिराच्या हातातली वाटी तिरकी झाली.

काकूंनी हातात बारीक दातांचा कंगवा घेतला आणि टाळूपासून ओढला. तेव्हा मात्र ती ओरडली.

"अरे काकू! ऊपर से मत खींचिए! गीले हैं!"

"मग कुठून? मी रोज असंच विंचरते."

"रोज? इसी से? गीले?" रुचिराने कंगवा काढूनच घेतला. "यार काकू, आधे तो आप ही तोड़ रही हैं."

तिने कोमट पाणी आणलं, कंडिशनर आणलं, स्वतःचा मोठ्या दातांचा कंगवा आणला. आधी नुसत्या बोटांनी. मग टोकं. मग दोन बोटं वर. मग आणखी वर. दादाराव गाळ धरायला परात घेऊन उभे. तास गेला. चार वाजले.

"दाखव," नीलमताई म्हणाल्या. त्यांचं हसणं आता थांबलं होतं.

कंगव्यात पीठ होतं. पीठ बाजूला केल्यावर केस निघाले सात.

"सातच?"

"सात. और ये देखिए." रुचिराने आरसा धरला. भांगाच्या दोन्ही बाजूंना बोटाच्या पेराएवढे नवे केस ताठ उभे होते. काळेभोर, शेकड्यांनी. दोन महिने तरी उगवत असणार. कापायच्या धास्तीत त्यांच्याकडे कोणी पाहिलंच नव्हतं.

"अगं, हे तर कणसाचे केस," दादाराव म्हणाले. "मक्का लागला की!"

टॉवेल त्यांच्या तोंडावर बसला.

पाच वाजता नीलमताई पार्लरच्या खुर्चीत होत्या. वेळ घेतलेली, मोडायची कशाला?

"कितना काटूँ, मैडम?"

"नीचे से. दो उँगली. बस."

पार्लरच्या मुलीने नुसती फाटलेली टोकं छाटली. मग कानामागचा पिवळा कण बोटावर घेतला, हुंगला.

"मैडम, ये कौन सा पैक है? नाम लिखवा दीजिए ना."

नीलमताई खुर्चीत ताठ बसल्या.

"माका. म में आ की मात्रा. ध्यान से लिखना."